रायगडाचं पाणी

रायगड म्हटलं की आपल्याला ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आठवतो. आज आम्ही बोलणार आहोत ते गडाच्या पाण्याबद्दल.

शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून हा डोंगर घेतला. तेव्हा त्याचं नाव होतं रायरी. पुढे हिरोजी इंदुलकरांनी तिथे राजधानी उभी केली. जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात या बांधकामाची यादी आहे. त्यात राजवाड्यांच्या आधी विहिरी आणि तळी येतात. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त अशी तळी गडावर आहेत. पावसाचं पाणी साठवायचं आणि त्यावर उन्हाळा काढायचा, ही सारी आखणी.

या आखणीची कसोटी लागली १६८९ मध्ये. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मोगलांनी गडाला वेढा घातला. येसूबाईंनी दीर राजाराम महाराजांना बाहेर काढलं आणि सात वर्षांच्या शाहूंना घेऊन स्वतः मागे राहिल्या. गड काही महिने झुंजला. शेवटी मायलेक कैद झाले. येसूबाई सुटल्या थेट १७१९ मध्ये.

मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. आगीत लाकडी बांधकाम जळालं, उरली ती जोती. महाराजांच्या समाधीवरही झाडोरा माजला. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये समाधीसाठी लोकवर्गणीचं आवाहन केलं. छत्री उभी राहायला १९२० चं दशक उजाडलं. वर्गणी गोळा करणं किती चिकाटीचं काम आहे, हे बचत गटातल्या आपल्याला ठाऊकच आहे.

हत्ती तलाव तर कित्येक वर्षं गळत होता. भेगा शोधून बुजवल्या आणि २०२० च्या पावसात तो पुन्हा भरला. जुन्या दगडकामाला चुन्याचाच लेप लागतो. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि दगड खराब होतो. म्हणून अशी कामं सावकाश, जाणत्या हातांनीच करावी लागतात.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे. आता गर्दी वाढेल, पैसाही येईल. तो नव्या शोभेवर खर्च होण्याआधी तळी, पायऱ्या आणि तटबंदी यांवर व्हावा, असं आम्हाला वाटतं. घरात पाणी नसेल तर दाराला तोरण बांधून काय उपयोग?

गडावर गेलात तर तळ्यात कपडे, भांडी धुऊ नका. रिकामी बाटली पिशवीत घालून खाली आणा. मुलांना सिंहासनाची जागा दाखवाच, पण गंगासागराच्या काठीही थोडा वेळ बसवा.