जैवसंवेदक : प्रयोगशाळेपासून पापाटोएटोपर्यंत

एखाद्या रसायनाची जैविक घटकाने पटवलेली ओळख मोजता येण्याजोग्या संकेतात बदलणारे उपकरण म्हणजे जैवसंवेदक. लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडला जोडण्याची कल्पना मांडून त्याचा पाया घातला. विकराऐवजी जिवंत सूक्ष्मजीव वापरल्यास पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणही मोजता येते.

दक्षिण आशियाई लोकांत प्रकार-२ मधुमेहाचा धोका अधिक असल्याने ऑकलंडच्या पापाटोएटोसारख्या भारतीयबहुल उपनगरासाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. न्यूझीलंडच्या 'फार्मॅक' संस्थेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अखंड ग्लुकोजमापकांना अनुदान दिले, परंतु ते प्रामुख्याने प्रकार-१च्या रुग्णांसाठी. प्रकार-२च्या बहुतेकांची भिस्त अद्याप बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आणि चाचणीपट्टीवर आहे. ती पट्टीही जैवसंवेदकच; मात्र ती त्या क्षणापुरतीच शर्करा सांगते.