मातीखालचा उजेड
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एकदा चर खणायचं काम चाललं होतं. जवळच्या पाड्यांवरचे मजूर काळी केबल खांद्यावरून ओढत होते. त्यांतला एक तरुण मला म्हणाला, "चाचा, हिच्यात करंट किती असंल?" मी म्हटलं, "करंट नाही बाबा, उजेड असतो." त्याला ती थट्टाच वाटली. "मातीत गाडलेला उजेड कोनाला दिसनार?" असं म्हणून तो हसला आणि पुन्हा कुदळ मारू लागला. त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

बातमी लांब पोहोचवण्याची धडपड जुनी आहे. १६६० साली महाराज विशाळगडावर पोहोचल्याची वर्दी तोफांच्या आवाजाने पावनखिंडीत गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तोफ बोलून बोलून किती बोलणार? ठरलेली एकच गोष्ट. पुढे तारायंत्र आलं. १८७० मध्ये समुद्रतळाशी टाकलेल्या तांब्याच्या तारेने मुंबई एडन-सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. आमच्या लहानपणी दारात तारवाला दिसला, की मजकूर वाचण्याआधीच घरात रडं सुरू व्हायचं. आखातातल्या नातेवाइकाशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळायचं आणि लागलाच तर सारी आळी ऐकेल असं ओरडायचं. तांब्यातून जाणारा विजेचा संदेश थोड्याच अंतरात क्षीण होतो, आणि शेजारच्या विजेची खरखर त्यात मिसळते.

उजेडाला ही खरखर लागत नाही. पण उजेड सरळ रेषेत जातो. त्याला वळणावळणाने न्यायचं कसं? वसईच्या एखाद्या बावखलात बुडी मारून ज्याने पाण्यातून तिरकं वर पाहिलं असेल, त्याला अर्धं उत्तर ठाऊक आहे. तिथून पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. पाण्यातून फार तिरका निघालेला उजेड हवेत न जाता आतच परत फिरतो. दोन पदार्थांच्या सीमेवर उजेड किती वाकतो, याचं गणित दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सहल यांनी मांडलं होतं. १८४१ मध्ये जिनिव्हाच्या कोलाडॉन यांनी पाण्याच्या धारेत उजेड सोडून दाखवला. धार जशी वळली, तसा उजेडही वळला. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेल्याचं प्रसिद्ध केलं, ते वर्ष १९५४.

आजच्या केबलमधला तंतू केसासारखा बारीक असतो. आत काचेचा गाभा आणि त्याच्याभोवती किंचित वेगळ्या काचेचं आवरण. गाभ्यातला उजेड या आवरणापाशी येतो आणि आत परततो. लेसरचा दिवा सेकंदाला अब्जावधी वेळा लागतो-विझतो. लागला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य. आपला आवाज, फोटो, पैशाचा व्यवहार, सगळं या दोन खुणांत मांडलेलं असतं. आणि हा उजेड डोळ्यांना न दिसणारा असतो, म्हणजे तो तरुण एका अर्थी बरोबरच बोलला होता!

खरी अडचण काचेची होती. खिडकीची काच स्वच्छ दिसते, कारण ती पातळ असते. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवलं, की उजेड विझतो तो मुख्यतः काचेतल्या धातूंच्या सूक्ष्म कणांमुळे. काच निर्मळ करा. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड उरला, तरी टेलिफोनला पुरे होतं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ते साधलं. आज तेवढाच उजेड शंभर किलोमीटरनंतर उरतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्याहून लांब जायचं, तर वाटेत उजेडाला पुन्हा जोर देणारी यंत्रं बसवतात. समुद्राखालीही ती असतात.

आपल्या देशात हा तंतू पहिल्यांदा आला तो महाराष्ट्रातच. १९७९ मध्ये पुण्यातली टेलिफोन एक्स्चेंज त्याने जोडली गेली. मग ऐंशीच्या दशकात रेल्वेने आपली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा चर्चगेट-विरार मार्गावर उभी केली. म्हणजे आमच्या वसईतून हा उजेड कधीचाच धावतो आहे. रुळांच्या कडेने देशभर केबल नेणारी रेलटेल २००० साली स्थापन झाली. समुद्राखालून आलेल्या अशा केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या, आणि देशादेशांतली बहुतेक सगळी देवाणघेवाण आता उपग्रहाने नव्हे, त्यांच्यातूनच होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, आणि आपल्याकडचं इंटरनेट रखडलं.

पण तुटायला अलेक्झांड्रियाच लागतं असं नाही. मध्यंतरी आमच्याच रस्त्यावर जेसीबीच्या फाळाने केबल कापली गेली. मोबाइलचा मनोरा आपल्याशी हवेतून बोलतो, पण स्वतः बहुधा केबललाच बांधलेला असतो. नेटवर्क गेलं, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र बंद पडलं. रांगेत चर खणणाऱ्यांच्याच घरच्या बायका होत्या. रोज बुडवून आलेल्या. धान्य समोर पोत्यात, आणि त्या रिकाम्या पिशव्या घेऊन पाड्यावर परतल्या.

तुटलेली जागा शोधण्याची रीतही उजेडाचीच आहे. एका टोकाहून तंतूत उजेडाचा ठिपका सोडतात. तुटल्या जागेवरून तो मागे फिरतो. किती वेळात आला, त्यावरून अंतर कळतं. मग तिथे खणायचं, तंतूची दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायची. यंत्राने अंतर सांगितलं, तरी खणायला माणूसच लागतो.

तिसऱ्या दिवशी रेशनचं यंत्र सुरू झालं. रांगेतल्या एका म्हातारीचा अंगठा तीनदा लावूनही जुळला नाही. आयुष्यभर माती उपसून रेषा झिजल्या होत्या. चौथ्यांदा जुळला. तिने पिशवी उघडून पुढे धरली.