रिओकान

१२. रिओकान : मुक्कामाची पारंपरिक जपानी जागा. अनुवादात ‘धर्मशाळा’ हा प्रतिशब्द मुद्दाम टाळला आहे. इथे पाहुणचार हाच मुक्कामाचा गाभा. क्योतो शहरातले हिइरागिया १८१८पासून चालू आहे. कादंबरीकार कावाबाता तिथे उतरत. ‘आठ चटयांची खोली’ हे माप तातामींचे, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या जपानी चटयांचे. क्योतोची तातामी साधारण १९१ सेंटिमीटर लांब, तोक्योकडची १७६. त्यामुळे आठ चटया दोन्हीकडे सारख्या भरत नाहीत. दिवसा खोलीत बुटके मेज. रात्री ते सारून फुतोन, म्हणजे गादी, अंथरतात. अंथरायला येणारी बाई दाराबाहेर गुडघे टेकून बसते आणि सरकते दार बसूनच, हलक्या हाताने उघडते. युकाता, म्हणजे सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटी फक्त मृतदेहाला नेसवतात.