म्हातारपणाच्या रोगाचे बालपण

‘हृदयविकार कोणाला होतो?’ असे आठवीच्या वर्गात विचारले, तर ‘म्हाताऱ्यांना’ हे उत्तर हमखास येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टरांनाही असेच वाटे. वय वाढले की रक्तवाहिन्या कडक व्हायच्या, रक्तदाब चढायचा. त्याला इलाज नाही, असे मानले जाई.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो कोरियाच्या युद्धात. तेथे मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये एनॉस, होम्स आणि बेयर या डॉक्टरांनी तपासली. सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२. जिवंतपणी हृदयाची तक्रार कोणाचीच नव्हती. तरीही सुमारे ७७ टक्के हृदयांच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा दिसल्या. कुठे भिंत किंचित जाड झालेली, तर कुठे मार्ग पूर्ण बुजलेला. हे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले.

त्याआधीच, १९४८ साली, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात एक वेगळा अभ्यास सुरू झाला होता. ५२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते पाहायचे. १९६१ साली या गटाने ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना मांडली. उच्च रक्तदाब आणि रक्तातील जास्त कोलेस्टेरॉल ही त्यातली ठळक नावे. पुढे धूम्रपानाचीही भर पडली.

पण हे घटक लहानपणीही काही करतात का? लुईझियाना राज्यातील बोगालुसा येथे १९७३ पासून शाळकरी मुलांची तपासणी होऊ लागली. त्यांपैकी काही जण पुढे अपघातांत किंवा अन्य कारणांनी दगावले. २ ते ३९ वर्षे वयाच्या अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ साली आले. ज्यांच्यात जोखमीचा एकही घटक नव्हता, त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांचा सुमारे १ टक्का पृष्ठभाग मेदाच्या पट्ट्यांनी व्यापला होता. तीन-चार घटक असलेल्यांत ११ टक्के.

आपल्याकडची गोष्ट आणखी विचारात पाडणारी आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून! म्हणजे किडकिडीत दिसणारा मुलगा मधुमेहापासून सुरक्षित आहे, असे धरून चालता येत नाही.

हे शिकवताना वर्गातून एक शंका नक्की येते: ‘आमचे आजोबा विडी ओढूनही नव्वद वर्षे जगले, ते कसे?’ ही शंका दडपू नये. जोखमीचा घटक एकेका माणसाचे भविष्य सांगत नाही. हजार माणसांत किती जास्त आजारी पडतील, ते सांगतो. फाशाचे दान मोजायला लावले, तर मुलांना हा फरक चटकन कळतो. घटकांची यादी ती परीक्षेपुरती पाठ करतातच. पण रोहिणीतला थर त्यांच्याच वयात साचू लागतो आणि याच वयात तो बराचसा रोखताही येतो, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत आपणच पोहोचवायची आहे.