ग्रीक हरित पक्ष, युरोपीय संसदेतील

ग्रीसमधील पर्यावरणवादी पक्ष. ‘इकोलोगी प्रासिनी’ हे त्याचे ग्रीक नाव. स्थापना डिसेंबर २००२. त्यापूर्वी १९८९ व १९९० मध्ये पर्यावरणवाद्यांच्या आघाडीने ग्रीक संसदेत प्रत्येकी एक जागा मिळवली होती. मात्र ती आघाडी टिकली नाही.

युरोपीय संसदेसाठी संपूर्ण ग्रीस हा एकच मतदारसंघ असतो व जागा मिळण्यासाठी किमान ३ टक्के मते लागतात. जून २००९ च्या निवडणुकीत पक्षाने सुमारे ३.५ टक्के मते मिळवून ही मर्यादा ओलांडली. मिखालिस त्रेमोपुलोस निवडून आले व ‘ग्रीन्स–युरोपियन फ्री अलायन्स’ या संसदीय गटात सामील झाले. २०१२ मध्ये त्यांच्या जागी त्याच यादीतील निकोस ख्रिसोयेलोस आले. त्यांची कारकीर्द २०१४ पर्यंत चालली.

हा काळ ग्रीसच्या कर्जसंकटाचा होता. काटकसरीच्या धोरणामुळे बेरोजगारी वाढली आणि पर्यावरणाचा प्रश्न मागे पडला. मे २०१२ मध्ये राष्ट्रीय संसदेतील प्रवेश २.९३ टक्के मतांवर थोडक्यात हुकला. २०१४ मध्ये युरोपीय जागाही गेली. २०१५ मध्ये सिरिझा पक्षाशी युती केल्यावर पक्षाचे यानिस त्सिरोनिस सिरिझाच्या सरकारात पर्यावरण खात्याचे पर्यायी मंत्री झाले.

एकाच जागेपुरते असले, तरी युरोपीय संसदेतील या प्रतिनिधित्वाचे महत्त्व मोठे आहे. त्या काळात देशात सत्तेबाहेर असलेल्या एका छोट्या चळवळीला त्यामुळे युरोपच्या कायदेमंडळात पाच वर्षे थेट मत मांडता आले.