एक सुती सळई आणि पाच अंशांचा फरक

गेल्या महिन्यात मी एक सुती सळईचे सात तुकडे वाया घालवले. आठवा जमला. पीएचडीत हे कुठे बसतं, असं तुम्ही विचाराल. गंमत अशी आहे की माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या सळईच्या टोकाच्या पाऊण इंचावर उभं आहे, आणि ते प्रकरण वाचून आमच्या सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं: "कागद कुठे आहे?"

आधी वाद्याची ओळख करून देते. हवाईयन गिटार तुम्ही ऐकलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. हिंदी गाण्यांच्या धून वाजवणाऱ्या व्हॅन शिप्लेंच्या तबकड्या अनेकांच्या घरी असायच्या. गिटार आडवी ठेवायची, तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा. ही पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर सुरू झाली आणि जोसेफ केकुकु यांच्या नावाशी जोडली जाते. तिच्यात एक मूळचीच अडचण आहे. दांडा सरळ असतो, त्यामुळे सगळ्या तारा एकदम आणि सारख्याच वर-खाली होतात. तारा ज्या मेळात लावल्या असतील तोच मेळ सगळीकडे मिळणार. शुद्ध गंधाराचा कोमल करायचा, पण बाकीचे सूर हलू द्यायचे नाहीत, हे दांड्याने होत नाही.

मग पाय कामाला लावले गेले. पायाखाली पेडल, पेडलाला जोडलेली यंत्रणा, आणि ती ठरावीक तारच ओढणार. गिब्सन कंपनीचं इलेक्ट्राहार्प १९४० च्या सुमारास आलं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलांची गिटार बनवली. बिग्सबी साचे घडवणारे कारागीर होते, मोटारसायकली शर्यतीत पळवायचे आणि क्रॉकर मोटारसायकलच्या कारखान्यात फोरमन होते. वाद्यनिर्मितीच्या घराण्यातला हा माणूस नव्हे, हे जरा लक्षात ठेवा.

पण वाद्याचं नशीब फिरलं ते १९५३ च्या अखेरीस. वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं. तोवर पेडल मुख्यतः एका मेळातून दुसऱ्यात जाण्यासाठी वापरत. इथे एक सूर जागचा हलला नाही आणि शेजारचा त्याच्या अंगावरून वर चढला. आपल्या कानाला ती मींडच वाटते, फक्त सोबतीला स्थिर स्वर धरून. गाणं १९५४ मध्ये गाजलं आणि नॅशव्हिलच्या स्टील गिटारवाल्यांना एकच घोर लागला, हे आपल्या वाद्यावर कसं करायचं.

आता गिटार उलटी करा. माझा विषय त्या बाजूला आहे. पोटाखाली बारीक सळयांची ओळ दिसते. प्रत्येक सळईचं एक टोक पेडलाने फिरणाऱ्या दांड्यावरच्या तरफेत अडकवलेलं असतं. दुसरं टोक तार ओढणाऱ्या बोटासारख्या भागातून आरपार जातं, आणि तिथे त्या टोकावर आटे पाडलेले असतात. त्यावर नायलॉनचा छोटा नट. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, नट त्या बोटाला ओढतो, बोट तारेला. पेडल किती खाली जाणार हे ठरलेलं असतं, म्हणून सूर किती चढणार हे शेवटी नट कुठे उभा आहे त्यावर ठरतं. गिटार सुरात लावायची म्हणजे खुंट्या पिळायच्या, हे अर्धंच झालं. पेडलचे सूर या नटांनी लावायचे.

मी कागदावर एक हिशोब केला. साधारण २४ इंची तारेवर 'बी' हा सूर 'सी शार्प'पर्यंत, म्हणजे सा पासून शुद्ध रे पर्यंत न्यायचा तर पोलादी तार फक्त ०.६ मिलिमीटरच्या आसपास ताणावी लागते. इंचाला ४० आटे असतील तर नटचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.६३५ मिलिमीटर. मधल्या तरफांमुळे सळई तारेपेक्षा जास्त सरकते, त्यामुळे हे दोन आकडे थेट एकमेकांवर ठेवता येत नाहीत. तरी मापाची जात कळते. पाव फेरा इकडे-तिकडे झाला तर कान लगेच तक्रार करतो. आटे तिरपे असतील, कुठे उथळ कुठे खोल असतील, तर नट अडखळतो किंवा हळूहळू सरकतो, आणि वादक मैफलीत बेसूर होतो.

बऱ्याच बनावटींत ही सळई १/८ इंच जाडीची असते, काहींत ३/३२. आपल्या कारखान्यांच्या भाषेत एक सूत आणि पाऊण सूत. अमेरिकेत या जाडीच्या स्क्रूला '५-४०' म्हणतात, पाच नंबरचा, इंचाला ४० आटे. हा 'पाच' कुठून आला? अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९०७ मध्ये लहान स्क्रूंची मापं बांधून दिली. नंबराला ०.०१३ ने गुणा, त्यात ०.०६० मिळवा, की इंचातली जाडी मिळते. पाच घालून बघा: ०.१२५. बरोब्बर १/८ इंच.

सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे सुरू होतं. १/८ इंचाची सळई बाजारात तयार मिळते. ती कातून बारीक करावी लागत नाही, थेट डाय मारली की पाच नंबरचे आटे पडतात, आणि त्या मापाची डाय हार्डवेअरच्या दुकानात मिळते. म्हणजे वाद्याचा सगळ्यात नाजूक भाग कुठल्याही कंपनीच्या खास मापाचा नव्हता. एखाद्या वादकाला वाटलं की हे पेडल दुसऱ्या तारेवर हवं, तर नवी सळई घरच्या बाकावर करता येत होती. आयझॅक्स यांनी एका पेडलवर केलेली करामत बडी एमन्स यांनी दोन पेडलांत विभागली आणि तीच पुढे रूढ झाली. एमन्स वादक होते आणि बनवणारेही: आधी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर नॅशव्हिलमध्ये शो-बड, मग १९६३ मध्ये रॉन लॅशली यांच्याबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी. कोणतं पेडल कोणती तार किती ओढणार, ही मांडणी आजही वादकागणिक बदलते. याच काळात बाकीची इलेक्ट्रिक गिटार मोठ्या कारखान्यांकडे गेली. पेडल स्टील मात्र छोट्या वर्कशॉपांतच घडत राहिली. यामागे बाजार लहान होता हे कारण आहेच. साधे, प्रमाणित आटे हे दुसरं कारण, असं माझं म्हणणं.

पण पेटंटमध्ये आट्यांबद्दल कोण लिहिणार? 'सळईच्या टोकाला आटे असावेत' एवढं म्हटलं की वकिलाचं काम झालं. ते कसे पाडायचे, हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून मी कोल्हापूरला उद्यमनगरात मामाच्या लेथवर गेले.

मामाने विषय ऐकून घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "अगं, एवढ्यासाठी युनिव्हर्सिटी लागते होय?" मग खण उघडून डबा काढला. त्यात ५-४० ची डाय नव्हती, असण्याचं कारणही नव्हतं. जी होती तिच्यावर लिहिलं होतं: १/८ व्हिटवर्थ, ४०.

मी दोनदा वाचलं. तीच जाडी, इंचाला तेवढेच आटे. फरक फक्त आट्याच्या कोनाचा: व्हिटवर्थचा ५५ अंश, अमेरिकन ६०.

या पाच अंशांमागे मोठी भांडणं आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एकसारख्या आट्यांची योजना मांडली. त्याआधी जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. व्हिटवर्थ यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले आणि त्यांची सरासरी काढली, म्हणून ५५ हा असा अडनिडा कोन. आट्यांचे शेंडे आणि तळ गोल ठेवले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे सांगितलं की हे आपल्याला परवडणारं नाही. तो गोलवा आणायला जास्त हत्यारं आणि जास्त कसब लागतं. त्याऐवजी ६० अंश घ्या, म्हणजे समभुज त्रिकोण, सहज तपासता येतो, आणि शेंडे सपाट ठेवा. साध्या कारागिरालाही जमेल असा आटा हवा, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठे १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर सही केली. बिग्सबींनी वेस्ट यांची गिटार केली तेच वर्ष. (योगायोग आहे हो, कारण नव्हे.) आपल्याकडे रेल्वे आणि गिरण्यांबरोबर व्हिटवर्थ आला होता, आणि मेट्रिक मापं येऊनही तो खणांत राहिलाच.

मी परदेशातून चार नायलॉन नट मागवले होते. ते या आट्यांवर बसतील का? कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू आठवून बघा. तिथेही व्हिटवर्थ आणि अमेरिकन आटे इंचाला २०च, त्यामुळे ते एकमेकांत बिनतक्रार फिरतात. आणि नायलॉन तर धातूपेक्षा सोशीक. प्रश्न नटाचा नव्हता, माझ्या हाताचा होता.

पहिले तीन तुकडे बाजाराने घालवले. 'एक सुती' म्हणून दिलेली सळई कॅलिपरने मोजली तर ३ मिलिमीटर निघाली. १/८ इंच म्हणजे ३.१७५. आटे पाचव्या हिश्शाने उथळ पडले, नट डगडग करायला लागला. पुढचे दोन मी शिकंज्यात धरून हाताने केले आणि डाय तिरपी बसली. बघताना कळत नाही, नट फिरवला की तो डोलतो. सहावा तर पिळलाच. डाय मी नुसती पुढे रेटत होते, कीस आत अडकला. "एक फेरा पुढं, अर्धा मागं," मामा मागून म्हणाला, "कीस तुटला पाहिजे." बारीक सळईला दुसरी संधी नसते. आटे पाडल्यावर गाभा मूळ जाडीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उरतो, आणि छेदाचं क्षेत्रफळ बघितलं तर निम्म्याहून थोडं जास्त. सातव्याला तोंड उतरतं करायलाच विसरले.

आठव्याला मामाने सळई लेथच्या चकमधून आरपार घातली, टोक थोडंच बाहेर ठेवलं. तोंडाला कानस मारून उतार दिला. डाय टेलस्टॉकला टेकवली, म्हणजे ती तिरपी होऊच शकत नाही. मोटर बंद. चक हाताने फिरवायचा. तेल माझ्याकडून, फेरे त्याच्याकडून. नट सुरुवातीला घट्ट गेला, मग एकसारखा फिरत शेवटपर्यंत.

हे सगळं मी वहीत लिहिलं, कुठला तुकडा कुठे आणि का बिघडला ते सळईसकट. वाया गेलेल्या सातांना चिठ्ठ्या बांधल्यात आणि सरांच्या टेबलावर ठेवल्यात. त्यांनी तिसरा उचलला, नट फिरवून पाहिला, डगडगला तसा हसले आणि म्हणाले, प्रकरणाला परिशिष्ट जोड.

पुढच्या खेपेला मामा स्टेनलेसची सळई देणार आहे. "ती चिवट असते, तेल जास्त लागंल," म्हणाला. आणि कॅलिपर घरचा घेऊन ये.