पंचाहत्तर रुपयांचा प्रश्न

१९३६ च्या डिसेंबरांत आमच्या फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. त्या नगरास ‘टिळकनगर’ असें नांव दिलें होतें. परंतु लोकमान्य हे आरंभीं शाळामास्तर होते, आणि ती पहिली नोकरी त्यांनीं ज्या मतभेदांमुळें सोडली, त्यांत पगाराचा वाद हें एक मोठें कारण होतें, हें थोड्यांसच स्मरतें. पगारवाढ मागावी कीं नाहीं, धनी बदलावा कीं नाहीं, या विवंचनेंत असलेल्या तरुणांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

१८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यासाठीं सरकारी शाळेंतील जागा सोडून आले. टिळक प्रथमपासून होतेच, आगरकर एम्. ए. होऊन मागाहून मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढल्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावयाची, आणि पगार सर्वांस सारखा. तो पुढें दरमहा पंचाहत्तर रुपयांवर स्थिरावला.

१८८७ मध्यें आगरकरांनीं वेतनवाढीची सूचना आणली. टिळकांनीं तिला विरोध केला. आगरकर गरिबींतून वर आलेले, दम्यानें पीडलेले, संसाराचा भार अंगावर. त्यांची मागणी लोभाची खास नव्हे. टिळकांचें म्हणणें असें कीं, त्यागावर उभारलेल्या संस्थेंत सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेसच द्यावा. बाहेर स्वतंत्र मिळकत करूं नये. दुसरा पक्ष म्हणे, काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. १८९० सालीं चोवीस वर्षांच्या गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, तेव्हां वाद विकोपास गेला.

टिळकांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस राजीनामा दिला. रागाच्या झटक्यांत दोन ओळी खरडून ते निघून गेले नाहींत. आपलीं कारणें त्यांनीं सविस्तर लिहून ठेवलीं. पुढें कायद्याचा वर्ग, लातूरच्या जिनिंग कारखान्यांतील भागी, आणि कर्जासह पदरीं आलेलीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें, यांवर त्यांचा योगक्षेम चालला.

रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ च्या नोव्हेंबरांत गोखल्यांच्या आमंत्रणावरून धोंडो केशव कर्वे आले. मुंबईची मिळकत सोडून ते आले, आणि १९१४ पर्यंत राहिले. जें वेतन एकास दावें वाटलें, तेंच दुसऱ्यास पाऊल टेकण्यापुरती भूमि झालें. आगरकर मात्र १८९५ मध्यें, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, प्राचार्यपदावर असतांनाच निवर्तले.

यांत दोषी कोण, हें ठरविण्याची घाई नको. नियम एकच होता, पण त्याचा अर्थ दोन पक्ष दोन प्रकारें करीत होते. कलहाचें बीज तेथें होतें. म्हणून तरुणहो, नोकरी धरतांना पगाराइतकाच वेळेचाही करार स्पष्ट करून घ्या. गरज असेल तर वाढ उघडपणें मागा. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आणि सोडणेंच प्राप्त झालें, तर कारणें अशीं लिहा कीं, तीं वर्षांनंतर वाचतांना आपली मान खालीं जाऊं नये.